घर रोई एतला, जीव टांगणीला

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, वय ४२. बरीच वर्षं दोह्यात इमारतींच्या कामांवर साइट सुपरवायझर आहे. बायको थायलंडच्या रोई एत प्रांतातल्या एका खेड्यातली, घरात सगळ्यात धाकटी. ती इथल्या एका हॉटेलात नोकरीला होती, तिथं ओळख झाली. लग्नाची नोंद तिच्या तालुक्याच्या कचेरीत केली आहे. मुलगी पाच वर्षांची. तिच्या शाळेसाठी बायको गावी परतली आणि आम्ही तिथं घर बांधायला काढलं. जमीन सासूबाईंची, आठेक गुंठे. बजेट १८ लाख बात, म्हणजे साधारण ४५-५० लाख रुपये. त्यातले ७ लाख बात गेले, कॉलम आणि खालचे बीम उभे आहेत. काम बायकोच्या मामेभावाकडे आहे, लेखी करार नाही. स्वयंपाकघर मला न विचारता घराबाहेर मागे गेलं. नकाशात नसलेली एक खोली सासू-सासऱ्यांसाठी वाढली. नोव्हेंबरात सगळे गवंडी भातकापणीला गेले आणि तीन आठवडे काम बंद. विचारलं की बायको म्हणते, ‘होईल, काळजी करू नकोस.’ मी रोज इथं दुसऱ्यांच्या इमारती तपासतो आणि स्वतःच्या घराच्या फुटिंगमध्ये, म्हणजे पायाच्या काँक्रीटमध्ये, काय गेलं ते मला माहीत नाही. भाऊ म्हणतो, गेले ते गेले समज, उरलेल्यात सांगलीत फ्लॅट घे. मला तीन मार्ग दिसतात: पैसे थांबवावेत, साइटवर कॅमेरे बसवावेत, किंवा सहा महिने बिनपगारी रजा घेऊन तिथं जाऊन बसावं. काय करू?

नमस्कार,

आधी त्या खोलीबद्दल बोलू, कारण पत्र वाचताना पैशांपेक्षा तीच जास्त बोचलेली जाणवली. नकाशात नव्हती, कोणी विचारलं नाही, एके दिवशी फोटोत दोन कॉलम जास्त दिसले. राग येणारच. तरी एक बघा. या घरात पुढची दहा वर्षं रोज रात्री कोण झोपणार आहे? तुमची बायको, मुलगी आणि तिचे आईवडील. तुम्ही वर्षातून महिनाभर, फार तर दीड.

थायलंडच्या ईशान्य पठाराला ईसान म्हणतात. तिथली जुनी रीत अशी की लग्नानंतर जावई सासुरवाडीला राहायला जातो. थोरल्या मुली यथावकाश वेगळ्या होतात. धाकटी आईवडिलांजवळ राहते, त्यांचं म्हातारपण सांभाळते आणि घर तिच्याकडे येतं. आता तरुण पोरं बँकॉकला नाहीतर परदेशी कामाला असतात, त्यामुळे रीत जशीच्या तशी पाळली जात नाही. धाकटीकडून असलेली अपेक्षा मात्र गेलेली नाही. सासूबाईंनी आठ गुंठे दिले तेव्हा त्यांच्या हिशेबात त्यांची खोली त्यातच आली असणार. ते बोलून दाखवायची गरज त्यांना वाटली नाही. तुम्ही ‘माझं घर’ म्हणून नकाशा काढलात आणि गावानं ‘धाकटीचं घर’ म्हणून पाया खणला. यात कोणी कोणाला फसवलेलं मला तरी दिसत नाही.

तेव्हा खोलीवरून भांडू नका. खोलीच्या खर्चाबद्दल मात्र जरूर बोला. दोन कॉलम, एक फुटिंग-बीमची ओळ, वरचं छप्पर, एखादा बाथरूम, हे १८ लाखांत कुठून बसवायचं? पुढची पडवी लहान करायची, की गेस्टरूम गाळायची? ‘खोली का वाढवलीस’ यापेक्षा ‘खोली ठेवू, मग कमी काय करायचं ते तू सांग’ या प्रश्नाला तिच्याकडून नीट उत्तर येण्याची शक्यता जास्त आहे.

स्वयंपाकघराच्या बाबतीत मी सरळ तुमच्या बायकोच्या बाजूनं आहे. ईसानी स्वयंपाक म्हणजे उखळात मिरच्या-लसूण कुटणं, कोळशाच्या शेगडीवर मासे भाजणं, आणि पला रा. आंबवलेल्या माशाचा तो वास तुम्हाला नव्यानं सांगायला नको. घराच्या पोटात टाइल्स लावलेलं किचन बांधलंत तर त्यात फ्रिज आणि पाहुण्यांसाठीची कॉफी राहील. रोजचं जेवण मागच्या अंगणातच शिजेल, तेही उन्हात. तिकडे चांगल्या घरांनाही मागे छप्पर असलेलं, अर्ध्या भिंतीचं वेगळं स्वयंपाकघर असतं ते याच कारणानं. तुम्ही पत्रात ‘आग्नेय दिशेचं ठरलेलं किचन’ असं लिहिलंय. बाहेरचं स्वयंपाकघरही आग्नेय कोपऱ्यात येऊ शकतं, तेवढं विचारून बघा.

आता कामाची गोष्ट. तुम्ही सुचवलेल्या तिन्ही मार्गांमागे एकच समजूत आहे, की सगळं आपल्या नजरेखाली असतं तर सगळं ठीक झालं असतं. तुमचा धंदाच तपासणीचा, तेव्हा असं वाटणं स्वाभाविक आहे. पण दोह्याच्या साइटवर तुमच्या हातात मंजूर ड्रॉइंग असतं, तुमची सही झाल्याशिवाय काँक्रीट पडत नाही, आणि कोणता निर्णय कोणाचा हे करारात लिहिलेलं असतं. रोई एतच्या साइटवर यातलं काहीच नाही. तिथं कॅमेरा लावलात तरी दिसेल ते फक्त चुकताना दिसेल.

माझी सूचना अशी. घरातल्या सगळ्या निर्णयांचे दोन भाग करा. जे काम एकदा झाकलं गेलं की पुन्हा बघता येत नाही, ते तुमच्याकडे. जे दिसतं, बदलता येतं, रोज वापरायचं असतं, ते तिच्याकडे. सळई, रिंगा (उभ्या-आडव्या सळयांना बांधणारी कडी), काँक्रीट, जमिनीखालचे पाइप, सेप्टिक टाकी, छपराच्या लोखंडाचं वेल्डिंग, अर्थिंग: यावर शेवटचा शब्द तुमचा. खोल्यांची मांडणी, स्वयंपाकघर, टाइल्स, रंग, दारं-खिडक्या, बाथरूमचं भांडं: यावर शेवटचा शब्द तिचा, आणि तुम्ही मत दिलंत तर ते मत म्हणूनच. रंग पसंत नसेल तर दोन वर्षांनी बदलता येतो. कॉलममधली रिंग दोन वर्षांनी घालता येत नाही.

ही वाटणी तिला एकदा नीट सांगा. बाईमाणसाला बांधकामातलं काय कळतं, असा सूर चुकूनही लागू देऊ नका. खोल्यांचे आणि रंगांचे फोटो बघून तुम्ही खोडा घालणार नाही याची खात्री पटली, तर सळईचे फोटो ती न मागता पाठवेल. आत्ता ती सगळंच थोडं उशिरा पाठवते, कारण प्रत्येक फोटोवर तुमचा काहीतरी प्रश्न येतो. पत्रावरून माझा तरी असा अंदाज आहे. चुकीचा असेल तर सोडून द्या.

फोटो कधी येतात, हे ते काय दाखवतात याइतकंच महत्त्वाचं आहे. थायलंड कतारच्या चार तास पुढे. तिकडे सकाळी आठला काम सुरू होतं तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे चार. तुम्ही नऊच्या चहाला फोन उघडता तेव्हा तिकडे दुपारचा एक वाजलेला असतो, सकाळी ओतलेलं काँक्रीट घट्ट व्हायला लागलेलं असतं आणि तुमच्या ‘थांबा’ला काही अर्थ उरत नाही. म्हणून नियम एकच ठेवा: उद्या जे झाकायचं त्याचे फोटो आज संध्याकाळी पाचला. तुमच्याकडे तेव्हा दुपारचा एक असतो. जेवणाच्या सुट्टीत बघा, रात्री झोपण्याआधी उत्तर द्या. त्यांच्या सकाळी उत्तर हजर. तुमच्या साइटवर ज्याला होल्ड पॉइंट म्हणता, म्हणजे तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही असा टप्पा, तोच हा, फक्त लाइन या मेसेजिंग अ‍ॅपवर.

आणि ‘फोटो पाठव’ एवढंच म्हणू नका, कशाचा ते सांगा. रिंगांच्या जाळीला टेप लावून अंतर दिसेल असा एक. सळई आणि फळी यांच्यामध्ये अंतर राखणारा सिमेंटचा ठोकळा, म्हणजे कव्हर ब्लॉक, दिसेल असा एक. कॉलमच्या पायथ्याचा जवळून एक, म्हणजे खडी उघडी पडली आहे का ते कळेल. सिमेंटच्या पोत्यांचा एक: तिकडे वाघाचं चित्र असलेलं पोतं सहसा वीटकाम आणि गिलाव्यासाठी वापरतात. बीम भरायच्या दिवशी साइटवर नुसते वाघच दिसले तर लगेच विचारा. काँक्रीट गाडीनं आलं असेल तर गाडीच्या पावतीचा फोटो. घरासाठी तिकडे २४० किलो प्रति चौरस सेंटिमीटरचं काँक्रीट नेहमी मागवतात, आपल्या एम-२५ दर्जाच्या काँक्रीटच्या जवळपास. गाडीतल्या काँक्रीटमध्ये वरून पाणी घालायचं नाही हे मामेभावाला आधीच सांगून ठेवा. पातळ काँक्रीट पसरायला सोपं, म्हणून जगभर सगळीकडे गवंडी पाणी घालतातच.

सळईची एक तपासणी तर सासूबाईसुद्धा करू शकतील. तिकडे सळई १० मीटर लांबीची मिळते. १२ मिलिमीटरची अशी एक सळई पावणेनऊ-नऊ किलोच्या आसपास भरली पाहिजे. दुकानांत पूर्ण मापाची आणि हलकी अशी दोन्ही विकायला असते आणि हलकी अर्थातच स्वस्त. भात पिकवणाऱ्या गावात पोती मोजायचा काटा कुठंही मिळेल. एक सळई दुमडून काट्यावर ठेवायची. सात-साडेसात भरली तर तो गठ्ठा परत.

जे आधीच जमिनीत गेलंय त्याचं काय? ते उकरू नका. मामेभावाच्या फोनमध्ये फुटिंगचे फोटो असतीलच. ‘कुटुंबाच्या आठवणीसाठी हवेत’ म्हणून मागवा, ते खोटंही नाही. पहिला खांब उभा करताना त्याला केळीची रोपं आणि ऊस बांधतात, रंगीत कापड गुंडाळतात, मुहूर्त बघतात, त्या दिवशीचे फोटो तर नक्की निघालेले असतात आणि मागे सळयांची जाळी आपोआप दिसते. त्याशिवाय प्रांताच्या गावातून एखादा स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअर गाठा. एकदा आत्ता उभे असलेले कॉलम-बीम बघायला, मग छपराच्या लोखंडाच्या वेळी, मग फरशीखालचे पाइप झाकण्याआधी, आणि शेवटी वीज जोडण्याआधी. त्याच्या चार फेऱ्यांची फी तुमच्या एका महिन्याच्या बिनपगारी रजेपुढे किरकोळ ठरेल.

इंजिनिअरचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. तो परका असतो. आज मामेभावाला ‘हे चुकलंय’ म्हणायची जबाबदारी तुमच्या बायकोवर आहे. तो तिच्यापेक्षा मोठा, नात्यातला, त्याची बायको शेजारच्या घरात. चारचौघांत त्याला खाली पाहायला लावलं तर ते कुटुंब वर्षानुवर्षं विसरणार नाही. म्हणून ती गप्प बसते आणि तुम्हाला ‘होईल’ म्हणते. परक्या इंजिनिअरनं कागदावर लिहून दिलं की ‘इथं अशी दुरुस्ती हवी’, तर कोणाचाच चेहरा पडत नाही.

छपराबद्दल सांगते, कारण पुढचा टप्पा तोच. तिकडे सांगाडा उभा राहिला की आधी छप्पर चढतं आणि भिंती नंतर येतात. तुम्ही गोंधळून जाऊ नका, पद्धतच तशी आहे. उन्हात आणि पावसात काम करायला सावली मिळते. तुम्ही बघायचं ते एवढंच: लोखंडाला गंजरोधक रंग वेल्डिंगच्या सांध्यांवरही लागला आहे का, कारण कौलं किंवा पत्रा चढला की ते सांधे कायमचे झाकले. त्यानंतर जमिनीखालचे पाइप. फरशीखाली वाळवीच्या औषधाचे पाइप टाकून घ्या, ईसानात हा खर्च वाचवू नका. सेप्टिक टाकीची पातळीही बघा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि सिमेंटच्या कड्यांचा शोषखड्डा खोलगट जागी असेल तर संडासात पाणी उलटं येतं.

आता तुमचे तीन मार्ग.

कॅमेरे नकोत. कामगार बहुतेक गावातले, काही नात्यातले. त्यांच्यावर पहारा बसवलात तर बायकोला त्या गावात राहायचं आहे हे विसरल्यासारखं होईल. कॅमेऱ्याला सळईचं वजनही कळत नाही.

सहा महिन्यांची रजा नको. पगार जाईल, कदाचित नोकरीही, आणि तिथं बसून भाषा न येता तुम्ही रोज जे बोलाल ते बायकोच भाषांतर करणार. म्हणजे पुन्हा मामेभाऊ आणि तुम्ही यांच्या मध्ये तीच. त्याऐवजी असलेली रजा दोन तुकड्यांत घ्या: एक आठवडा छपराचं लोखंड चढताना, बाकी शेवटी. गेलात की थापी हातात घेऊन गवंड्यांबरोबर कामाला लागू नका. परदेशी माणसाला वर्क परमिटशिवाय काम करता येत नाही, आणि ‘माझंच घर आहे’ हे उत्तर सगळ्या अधिकाऱ्यांना पटेलच असं नाही.

पैसे थांबवणं, यात मात्र तथ्य आहे, पण पाठवायची पद्धत बदला, आणि रागानं नको. आत्ता पगार झाला की रक्कम जाते. काम पुढे सरकलं की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. तो संबंध जोडा. मजुरीचा ठेका मामेभावाकडे राहू द्या, माल बायकोनं दुकानातून थेट घ्यावा. रोई एतसारख्या ठिकाणी बांधकाम साहित्याची मोठी दुकानं आहेत, त्यांच्या छापील पावत्या मिळतात, माल साइटवर पोचवतात. पावत्या एका वहीत चिकटवायच्या. त्यावर तारखेत २५६८सारखं साल दिसलं तर दचकू नका, थाई सनातून ५४३ वजा केले की आपलं साल मिळतं, २५६८ म्हणजे २०२५. घरासाठी वेगळं खातं उघडा, घरखर्चाचं वेगळं. मजुरीचे हप्ते टप्प्यांना बांधा: छपराचं लोखंड झालं की एवढे, भिंती झाल्या की एवढे, गिलावा, फरशी, वीज. शेवटचा हप्ता थोडा मोठा आणि पाण्या-विजेसकट घर चालू झाल्यावर. तिकडचे ठेकेदार हप्त्यांनीच काम करतात, त्यामुळे मामेभावाला यात अविश्वास वाटायचं कारण नाही. एका पानाचा करार थाईत लिहा, सासऱ्यांना आणि गावच्या मुखियाला साक्षीदार ठेवा. गावातल्या गावात काही बिनसलं तर निवाडा बहुधा तोच करणार.

भातकापणीच्या तीन आठवड्यांबद्दल मी तुमची समजूत काढणार नाही, पण तुमचं वेळापत्रक तुम्ही दोह्यात बसून केलं होतं हे खरं. थुंग कुला रोंगहाई या मैदानाचा मोठा भाग रोई एतमध्ये येतो, होम मली या सुवासिक तांदळाचं ते माहेरघर. तो तांदूळ नोव्हेंबरात कापणीला येतो आणि वर्षाचं पीक शेतात उभं असताना तुमच्या भिंतीसाठी कोणी थांबणार नाही. जून ते ऑगस्ट लावणी. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, त्याच्या पुढेमागे आठवडाभर काम शून्य. मेच्या मध्यापासून पाऊस. गावात कोणी गेलं तर अंत्यविधीचे दिवस सगळं बंद. हे सगळं कॅलेंडरवर टाका आणि मग बघा: तुमच्यापुढे डिसेंबर ते एप्रिलची सुरुवात असा सलग कोरडा तुकडा आहे. छप्पर फेब्रुवारीच्या आत चढवायचं लक्ष्य ठेवा, बाकीचं सावलीत होईल.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. खोलीपेक्षा आणि सळईपेक्षाही तिची मला जास्त काळजी वाटते. जमिनीचा कागद.

जमीन सासूबाईंच्या नावावर एवढंच तुम्ही लिहिलंय. कागद कुठला? त्याच्या माथ्यावरच्या गरुडाचा रंग बघा. लाल असेल तर तो चानोत, पूर्ण मालकीचा दाखला. हिरवा असेल तर त्याखालचा, तरी व्यवहारयोग्य. काळा असेल तर मोजणी कच्ची. निळा असेल तर ती शेती सुधारणा योजनेत कसायला दिलेली जमीन असते. ती विकता येत नाही आणि तिच्यावर घर बांधायलाही मर्यादा आहेत. मग कागदाची मागची बाजू मागवा. तिथं गहाण-तारणाच्या सगळ्या नोंदी ओळीनं असतात. ईसानातल्या किती तरी शेतकऱ्यांचे चानोत सरकारी शेतकी बँकेकडे कर्जापोटी पडून असतात आणि घरात फक्त झेरॉक्स असते. तुमच्या कॉलमखालची जमीन तारण नाही ना, हे पुढचा बात पाठवण्याआधी कळायला हवं.

थायलंडच्या १९५४च्या जमीन कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला सहसा जमीन घेता येत नाही, हे तुम्हाला माहीत असणार. अनेकांना माहीत नसतं ते हे की जमीन एकाची आणि तिच्यावरचं घर दुसऱ्याचं असू शकतं. त्यासाठी जमिनीच्या मालकानं तुम्हाला तिच्यावर इमारत बाळगण्याचा हक्क जमीन कार्यालयात नोंदवून द्यावा लागतो, तीस वर्षांपर्यंत किंवा तहहयात. दुसरा एक हक्क आहे, तहहयात राहण्याचा आणि उपभोगाचा. दोन्ही चानोतच्या मागच्या पानावर चढतात आणि पुढे जमीन कोणाच्याही नावावर गेली तरी टिकतात. इथं एक गंमत आहे. नवरा-बायकोनं लग्न टिकून असताना आपसात केलेला करार दोघांपैकी कोणीही पुढे रद्द करू शकतो, थायलंडच्या दिवाणी कायद्यात तशी तरतूद आहे. तुमची जमीन अजून सासूबाईंच्या नावावर आहे. म्हणजे हक्क त्यांनी आत्ता नोंदवून दिला तर तो नवरा-बायकोमधला करार ठरत नाही. त्यानंतर त्यांनी जमीन बायकोला बक्षीस द्यावी. आई-मुलीच्या बक्षिसाला नोंदणी शुल्क सरकारी किमतीच्या अर्धा टक्काच आहे. क्रम तेवढा महत्त्वाचा. रोई एतमधला एखादा वकील गाठून हा क्रम त्याच्याकडून तपासून घ्या. सगळी जमीन कार्यालयं अशा नोंदींना सारख्याच उत्साहानं हात घालत नाहीत.

बांधकामाचा परवाना तांबोनच्या कार्यालयातून, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीतून, घेतलाय का आणि कोणाच्या नावावर, तेही बघा. पावत्या आणि करार तुमच्या नावावर असतील तर घर तुम्ही बांधलं हे दाखवता येतं. निळं घरपुस्तक मिळेल तेव्हा त्यालाच मालकीचा पुरावा समजू नका. तिथं कोण राहतं एवढंच त्यात असतं. आणि बायकोनं तिथंच एक मृत्युपत्र करून ठेवावं. तिला काही झालं तर जमीन तुमच्याकडे राहू शकत नाही, ठराविक मुदतीत विकावी लागते. मुलगी थाई नागरिक असेल तर तिच्याकडे राहू शकते.

हा विषय काढताना संकोच वाटेल. ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असं कोणीतरी म्हणेलच. मुलीचं नाव पुढे करा. नातीसाठी कागद नीट करू या, याला कुठलीच आजी नाही म्हणत नाही.

भावाच्या सल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. गेलेल्या ७ लाखांचं वजन त्यात घालू नका, ते दोन्हीकडे गेलेलेच आहेत. प्रश्न उरलेल्या ११ लाखांचा. ते लावून बायको-मुलीला पक्कं छत मिळणार आहे, सांगलीतल्या फ्लॅटनं ते मिळत नाही. मुंबईत बसून कोकणात घर बांधणाऱ्या चाकरमान्यांची पत्रं माझ्याकडे नेहमी येतात. त्यांच्या घराला वर्षातले अकरा महिने कुलूप असतं. तुमच्या घरात पहिल्या दिवसापासून माणसं असतील. हो, एक अट मी घालेन: या घरासाठी दोह्यात कर्ज काढू नका. ११ लाख बचतीतून होत नसतील तर मागचं स्वयंपाकघर आणि एक खोली पुढच्या वर्षी.

ज्यांचं घर अजून कागदावरच आहे, आखातात, सिंगापुरात किंवा जहाजावर असलेल्या अशा वाचकांसाठी दोन शब्द. जमीन विकत घेणार असाल तर नोंदणीच्या वेळी परदेशी जोडीदाराला लिहून द्यावं लागतं की हा पैसा थाई जोडीदाराचा स्वतःचा आहे. सही करण्याआधी त्याचा अर्थ समजून घ्या: त्या जमिनीवरचा दावा तुम्ही तिथंच सोडता. खोलगट भातशेतीवर घर घेणार असाल तर मातीचा भराव आधी टाका आणि एक पावसाळा त्याला बसू द्या. भराव टाकून लगेच पाया खणायची घाई परगावचे नवरेच करतात. नकाशासाठी सुरुवातीलाच मोठी फी भरू नका, थायलंडच्या सार्वजनिक बांधकाम आणि नगररचना खात्याचे तयार नकाशे मोफत मिळतात, त्यातला एखादा घेऊन त्यात बायकोच्या आईवडिलांची खोली आधीच काढा. आणि मोजमाप: एक राई म्हणजे १६०० चौरस मीटर, आपले जवळजवळ सोळा गुंठे.

तुमच्यासाठी आणखी एक. बांधकामाचे फोन आणि घरचे फोन वेगळे ठेवा. संध्याकाळी पाचच्या फोटोंवर लाइनमध्ये लिहून बोला, रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर सिमेंटचा विषय काढायचा नाही. मुलीला शाळेत काय झालं ते विचारायला तुमच्याकडे तेवढाच वेळ असतो.

पत्राच्या तळाशी तुम्ही विचारलंय की वास्तुशांतीला आईला सांगलीहून नेऊ का, आणि तिथं सत्यनारायण चालेल का. जरूर न्या. सासूबाईंना आधी विचारा, त्यांना बहुधा आनंदच होईल. नव्या घरी भिक्षूंना बोलावतात, ते मंत्र म्हणतात, आणि भिक्षूंचं जेवण दुपारी बाराच्या आत व्हावं लागतं. त्यामुळे सकाळ त्यांची. सत्यनारायण संध्याकाळी ठेवा. रवा, तूप आणि केळीच्या खांबांपैकी केळी तिथं हव्या तेवढ्या मिळतील, तूप मात्र दोह्याहून न्या.